दुखतं असं लिहिलेलं नाही

आत्याला त्या कार्डांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती वाचून दाखवायला तिच्याइतकं चांगलं माणूस भाचीला शोधून सापडलं नसतं. भाचीच्या मैत्रिणी एकमेकींना प्रश्न विचारायच्या तेव्हा अर्धं उत्तर भुवयांनीच सांगून टाकायच्या. आत्याला उत्तर ठाऊकच नसायचं, त्यामुळे तिच्या भुवया आपल्या जागेवर असायच्या. शिवाय तिला घाई नव्हती. शाळेच्या गणवेशांना काजं करण्यात जिचा जन्म गेला, तिला घाई करून चालतच नाही. एक काज तिरकं गेलं की अख्खा शर्ट वाया जातो.

संध्याकाळी कारखान्यातून आली की आत्या हातपाय धुऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची आणि बुटांचं खोकं मांडीवर घ्यायची. खोक्यात कार्डं. काही भाचीच्या हातची, काही वरच्या वर्गातल्या मुलींनी जाताना देऊन टाकलेली. पुढच्या बाजूला रोगी, मागच्या बाजूला रोग. भाची खाटेवर आडवी पडून डोळ्यांवर हात घ्यायची. डोळे मिटल्याशिवाय तिला उत्तर दिसायचं नाही म्हणे.

"तिशीची बाई," आत्या वाचायची. "छातीत धडधड, वजन उतरलंय, डोळे बाहेर आल्यासारखे."

"थायरॉइड. पुढचं."

"चार वर्षांचा मुलगा. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं."

"किडनी. पुढचं."

सुरुवातीला आत्याला हे फार जड गेलं. माणूस डोळ्यांपुढे उभं राहतंय न राहतंय तोच 'पुढचं'! एकदा ती न राहवून म्हणाली होती, "अगं, बिचारीला घरी कोणी आहे का बघायला? का एकटीच असते?"

भाची ताडकन उठून बसली होती. "आत्या, जेवढं लिहिलंय तेवढंच वाच. जे लिहिलेलं नाही ते नाहीच, असं धरायचं असतं. नाहीतर मी तिच्या घरी कोण आहे याचा विचार करत बसेन आणि घड्याळ पुढे जाईल."

आत्याने ते मनाशी घट्ट धरलं. तेवढंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही.

आता हे घड्याळाचं काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. कॉलेजातून पास झालं की माणूस डॉक्टर होतं, असं आत्यासकट सगळ्या जगाला वाटतं. तसं नसतं. कॉलेजची परीक्षा वेगळी आणि परवान्याची वेगळी. कॉलेजला हवी असायची हजेरी, सकाळचा वॉर्ड, दुपारची लेक्चरं, आणि रोग्यांच्या लांबलचक केसी लिहून त्यावर सरांची सही. परवान्यावाल्यांना यातलं काहीच नको होतं. त्यांना हवे होते प्रश्न, हजारो प्रश्न, एकाखाली एक चार उत्तरं, त्यातलं सगळ्यात जास्त शक्य असलेलं एक. कॉलेज जे शिकवायचं ते परवान्यात विचारत नव्हते, आणि परवान्यात जे विचारायचे त्याला कॉलेजात वेळ नव्हता. दोघांनीही पोरीला एकेका हाताला धरून ओढलं होतं. परवान्याची परीक्षा कॉलेज चालू असतानाच द्यायची असे, आणि तीत ती मागच्या वर्षी थोडक्यात आपटली होती. पुन्हा आपटली तर नियमाप्रमाणे वर्षभर घरी.

घर म्हणजे आत्याच्या भावाचं, लांबच्या गावातलं. तिथून दर रविवारी भावाचा फोन यायचा आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. "ताई, हिचं एवढं पार पडू दे. तुझ्या भरवशावर ठेवलीय."

"मी आहे ना," आत्या म्हणायची. लग्नबिग्न तिने केलं नव्हतं. भाची हेच तिचं सगळं काही होतं, आणि तसं कबूल करायलाही ती लाजत नसे. कारखान्यात ती तिला 'आमच्या डॉक्टरीणबाई' म्हणायची, आणि मुकादमीण नाक मुरडायची. "आधी होऊ तर दे!"

आत्याचं पोटातलं दुखणं सुरू झालं ते थंडीत. उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली, जेवण झालं की कळ उठायची आणि पार खांद्यापर्यंत जायची. मग तास दीड तासात आपोआप निघून जायची. एका सकाळी आत्याने भाचीला सांगितलं. भाची दाराशी एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती. पांढरा कोट दातांत धरलेला. वॉर्डात तोफ आठ वाजता येत असे. तोफ म्हणजे युनिटचे मोठे सर, नाव पोरांनीच ठेवलेलं.

"जेवलीस की लगेच मशीनवर वाकतेस ना? ॲसिडिटी आहे." कोट दातांतून काढून तिने कपाटाकडे बोट दाखवलं. "तिथे गोळ्या आहेत. सकाळी उपाशीपोटी एक घे."

आत्या दिवसभर खुशीत होती. घरात डॉक्टर असण्याचं सुख ते हेच. गोळीही लागू पडली असं तिला वाटलं. खरं म्हणजे दुखणंच येऊन-जाऊन होतं, गोळी घेतली काय नि न घेतली काय. पण श्रेय गोळीला मिळालं आणि तो विषय आत्याच्या लेखी संपला. दुखतं ते ॲसिडिटीने. उत्तर मिळालेलं आहे.

मग खाज सुरू झाली. तळहात, तळपाय, रात्रभर. मग जेवणावरची वासना गेली. ब्लाउज सैल झाले, ते तिने स्वतःच टाके घालून आवळले. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, पण असलं काही कोणाला सांगायचं नसतं अशा पिढीतली ती. शेवटी एका दुपारी मुकादमिणीने तिला कारखान्याच्या दारात, उन्हात हनुवटीला धरून उभं केलं.

"डोळे बघितलेस का आरशात? हळदीसारखे झालेत."

आत्याने बघितले. आज संध्याकाळी कार्डांच्या आधी सांगायचं, असं ठरवूनच ती घरी आली.

पण त्याच दिवशी भाचीचं वॉर्डात व्हायचं ते झालं होतं. एका म्हाताऱ्याच्या खाटेशी उभी राहून ती केस लिहायची सोडून फोनवर परवान्याचे प्रश्न सोडवत होती. तोफ मागून आली. "समोर जिवंत रोगी झोपलाय आणि तुम्ही फोनमधला तपासताय?" साऱ्या वॉर्डासमोर. केसीवर सही नाही, सगळ्या केसी पुन्हा लिहा, नाहीतर कॉलेजच्या परीक्षेला बसू देणार नाही.

घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून रडली. आत्या पाठीवर हात फिरवत राहिली. बोलायला तोंड उघडलं, पण भाचीच आधी बोलली.

"आता परीक्षा होईपर्यंत मला कोणी काही सांगू नका. बाबांनाही सांग. चांगलं नको, वाईट नको, काहीच नको. माझ्या डोक्यात आता सुई घालायलाही जागा नाही."

"नाही सांगणार कोणी," आत्या म्हणाली. आणि शब्द म्हणजे शब्द.

तरी कळायला तर हवं होतं! माणसाचा जीव आहे, टांगणीला लागला की गप्प बसत नाही. बाहेरच्या डॉक्टरकडे जावं, तर तो पहिलं विचारणार, सोबत कोण आहे? आणि घरातली डॉक्टरीण सोडून परक्याकडे जाणं तिला पोरीचा अपमान केल्यासारखं वाटे. दोन दिवस ती काजं करता करता विचार करत होती आणि तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. तिला ती फार हुशारीची वाटली. आपणच एक कार्ड करायचं. लिहायचं नाही, अक्षर ओळखेल. नुसतं वाचायचं. बाई म्हटलं तर पोरीला संशय येईल, म्हणून पुरुष करायचा. वयात चार-सहा वर्षं वाढवायची. बाकी सगळं खरं. दुखण्याचं मात्र त्यात घालायचं कारण नव्हतं, त्याचं उत्तर आधीच मिळालेलं होतं.

त्या संध्याकाळी चारपाच कार्डं झाली. आत्याच्या हातात त्या सुजलेल्या तोंडाच्या मुलाचं कार्ड होतं. तिने ते डोळ्यांपुढे धरलं.

"साठीचा पुरुष," ती म्हणाली. "डोळे पिवळे. अंगाला खाज. लघवी काळपट. भूक नाही, वजन उतरलंय."

"दुखतं का पोटात?"

आत्या गडबडली. भाची उलट प्रश्न फार क्वचित विचारायची. तिने कार्डाकडे पाहिलं. त्यावर चार वर्षांचा मुलगा होता.

"दुखतं असं लिहिलेलं नाही."

"मग सोपंय. न दुखता कावीळ, साठीचा पुरुष, वजन कमी. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पुढचं."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आत्याने कार्ड खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं.

"आणि उपाय?"

"तू कधीपासून उपाय विचारायला लागलीस?" भाची डोळ्यांवरचा हात न काढता हसली.

"मागे लिहिलाय. म्हटलं विचारावा."

"ऑपरेशन. पण कावीळ दिसेपर्यंत बहुतेकांना उशीर झालेला असतो. काही महिने काढतात. पुढचं, आत्या."

आत्याने पुढचं वाचलं. त्याच्या पुढचंही वाचलं. आवाज हलला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला त्याचंच नवल वाटत राहिलं, की आपला आवाज कसा हलला नाही.

कोणाला बोल लावायचा? पोरीने उत्तर अगदी बरोबर दिलं होतं. त्या प्रश्नाला तेच उत्तर, त्याचेच मार्क. आणि आत्याने तर पोरीने सांगितलेला नियम अक्षरशः पाळला होता. दोघीही आपापल्या जागी शहाण्यासारख्याच वागल्या. मला तरी या गोष्टीत राग काढायला माणूस सापडत नाही, आणि म्हणून जास्तच राग येतो.

त्यानंतर आत्याचं मन उलट शांत झालं. उपायच नाही म्हटल्यावर सांगून काय मिळणार? महिने आहेत म्हणाली, परीक्षा तर जवळच आलीय. परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे, मग एखाद्या रविवारी नीट बसवून सांगू. ती स्टूल उलटं फिरवून खिडकीकडे पाठ करून बसू लागली, म्हणजे चेहऱ्यावर उजेड नको. तशी काळजी घेण्याची गरज नव्हती. भाची घरात असायची तेव्हा तिचे डोळे एकतर वहीत असायचे नाहीतर मिटलेले. सकाळी वॉर्डात ती म्हाताऱ्यांच्या पापण्या ओढून कावीळ बघायची, ते केसीत लिहायची, आणि घरी आत्याच्या हातचं जेवून उठायची.

मुकादमीण मात्र पिच्छा सोडेना. "अगं, घरात डॉक्टर असून तू अशी?"

"तिला ठाऊक आहे," आत्याने ठोकून दिलं. "तिनेच सांगितलंय काय आहे ते. औषध नाही त्यावर."

त्या दिवसापासून मुकादमिणीने भाचीबद्दल मनात अढी धरली, पण आत्याला कुठे नेण्याचा हट्ट सोडून दिला. डॉक्टरनेच सांगितल्यावर आपण कोण?

तोफेने अखेर सह्या केल्या. कॉलेजची परीक्षा झाली, बरी गेली. परवान्याची उरली.

तिच्या आदल्या संध्याकाळी आत्याला हुडहुडी भरली. दात एकमेकांवर वाजायला लागले, म्हणून तिने चादरीचा कोपरा तोंडात धरला. पोटातली कळ या वेळी आली ती गेलीच नाही. कॅन्सरमध्ये हेही होत असेल, असं तिला वाटलं. भाची पलीकडच्या खोलीत शेवटची उजळणी करत होती. आज तिने कार्डं वाचायला बोलावलं नाही, याचं आत्याला बरंच वाटलं.

सकाळी ती भिंतीला धरून उठली. अंडी उकडली, पावाला लोणी लावलं, डबा भरला. भाचीचे हात बर्फासारखे गार पडले होते.

"आत्या, होईल ना माझं?"

"न व्हायला काय झालं? मी विचारलेलं एकही चुकलं नाही तुझं."

भाची तिच्या गळ्यात पडली. "किती गरम लागतेस गं!"

"चुलीपाशी होते. जा, उशीर होईल."

जिन्यावरचे पाय ऐकू येईनासे झाले, तेव्हा आत्या खाली बसली. घरी एकटी पडून राहायची तिला भीती वाटली, म्हणून ती कारखान्यात गेली. मशीनवर बसली, पहिला शर्ट सुईखाली घेतला आणि तशीच बाजूला कलंडली.

मुकादमिणीने गाडी बोलावली आणि तिला मोठ्या इस्पितळात आणलं. भाचीचं कॉलेज त्याच इस्पितळाचं. आत्याला अधूनमधून शुद्ध येत होती. हाताला सुया, तोंडावर प्राणवायू, पोटावर गार चिकट काहीतरी लावून कोणीतरी यंत्र फिरवत होतं. एक तरुण डॉक्टर होता, झोप न झालेल्या डोळ्यांचा.

"पित्ताच्या नळीत खडा अडकलाय," तो मुकादमिणीला सांगत होता. "वर पू साठलाय आणि तो रक्तात गेलाय. किती दिवस झाले कावीळ होऊन?"

आत्याने तोंडावरचा मास्क खाली ओढला. "कॅन्सर?"

"कॅन्सर कुठला, मावशी? खडा आहे. दुर्बीण घालून काढतात."

आत्याला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतके दिवस जे उशाशी घेऊन ती झोपत होती ते नव्हतंच. खडा! खडा तर काय, तांदळातही असतो, निवडून टाकायचा. पोरीला आता काही सांगायलाच नको. तिला तिथेच, त्या सुयांसकट, हसू आलं.

मग डॉक्टर पडद्यापलीकडे गेला आणि कोणा मोठ्या डॉक्टरशी बोलू लागला. पडदे कापडाचे असतात, हे इस्पितळातली माणसं विसरतात. "रक्तदाब औषधांवरही वर येत नाहीये सर. लघवी सकाळपासून नाही. नळी मोकळी करायला घेतो, पण टेबलावर टिकतील असं वाटत नाही. महिनाभर आधी आल्या असत्या तर दोन दिवसांत घरी गेल्या असत्या."

आत्याला सगळे शब्द समजले. कार्डांपेक्षा फार सोपे होते.

भाची आली ती धावतच. गळ्यात परीक्षेचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. तरुण डॉक्टरने तिला ओळखलं, बाजूला घेतलं, पुन्हा तेच सगळं सांगितलं. मग विचारलं, "हिस्ट्री काय? कधीपासून आहे हे?"

वॉर्डात रोज घडाघडा केसी सांगणारी मुलगी उभी राहिली. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही कसं?" मुकादमीण उसळली. दिवसभर मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं. "तूच सांगितलंस ना हिला, कॅन्सर आहे, औषध नाही म्हणून? म्हणूनच नाही आणली मी!"

"मी? मी कधी सांगितलं?"

आत्या मानेने नको नको म्हणत होती, पण मुकादमीण तिच्याकडे बघत नव्हती. भाची खाटेजवळ आली. आत्याचे डोळे तिने पापणी ओढून पाहिले नाहीत, तशी गरजच नव्हती. नुसतीच बघत राहिली. तिची स्मरणशक्ती चांगली, त्याच जोरावर इथवर आलेली. आत्याला तिच्या चेहऱ्यावर ते एकेक करून येताना दिसलं.

"साठीचा पुरुष," भाची हळूच म्हणाली. "आत्या, ते कार्ड आपल्या खोक्यात नव्हतंच ना?"

आत्याने चादर वर ओढून घेतली.

"मी तुला विचारलं होतं, दुखतं का. तू म्हणालीस, लिहिलेलं नाही." तिचा आवाज चिरकला. "आत्या, तुला दुखत होतं का गं? थंडीत तू मला काहीतरी म्हणाली होतीस. मी गोळी दिली होती. तेच का हे?"

आता मात्र आत्याला सगळं कळलं. कुठला शब्द वाचायचा राहून गेला, आणि त्या एका शब्दाने कॅन्सरच्या जागी खडा आला असता, ते. स्वतःसाठी तिला फारसं वाटलं नाही. पण या पोरीला पुढे जन्मभर माणसं तपासायची आहेत. रोज कोणीतरी समोर येऊन पोटात दुखतं म्हणणार.

"छे," ती मास्कच्या आतून म्हणाली. "ते वेगळं. ते गोळीने तेव्हाच गेलं. त्यानंतर कध्धी दुखलं नाही मला. आताही नाही."

भाचीने चादर बाजूला केली. इतक्या वर्षांत तिने आत्याला तपासण्यासाठी हात लावला नव्हता. तिने तळवे एकमेकांवर चोळून गरम केले, जसं शिकवलेलं असतं तसं, आणि उजव्या बरगडीखाली हात ठेवून बोटं आत दाबली.

"श्वास घे, आत्या. मोठा."

आत्याने चेहरा दगडासारखा केला. ओठ मिटले, भुवया जागेवर ठेवल्या आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर तो आपोआप तुटला. तिने पुन्हा घेऊन पाहिला. पुन्हा तिथेच, भाचीच्या बोटांखाली, तुटला.

असा श्वास तुटतो तो दुखण्यानेच, हे भाची शिकलेली होती. तिचा हात तिथेच राहिला. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आले. त्यांनी तिला उचललं, भाचीला बाजूला व्हायला सांगितलं. लांबच लांब व्हरांड्यात वरचे दिवे एकामागून एक सरकत होते, मागे कोणीतरी मोठ्याने रडत होतं, आणि आत्याला राहून राहून एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, की एवढा एक श्वास आपल्याला पुरा करता आला असता तर पोर सुटली असती.